बदली वडिलांची, शाळा मुलांची

सैन्यातल्या अधिकाऱ्याची परदेशी दूतावासात नेमणूक झाली, की आमच्या रत्नागिरीत पेढे वाटले जातात. मग कुणाला तरी आठवते, पोरांच्या शाळेचे काय?

घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, तिकडच्या झकपक इंग्रजी शाळेत घाला. दुसरा म्हणतो, आजीजवळ ठेवा. मला विचाराल तर आधी मुलाची इयत्ता पाहावी. प्राथमिक वयात मूल कुठेही रुळते. आईवडील जवळ असले की पुरे. खरी अडचण नववीपासून. सीबीएसईच्या दहावीसाठी नोंदणी नववीतच होते, बारावीसाठी अकरावीत. ही वर्षे मध्येच तोडू नयेत.

बदलीवर फिरणाऱ्यांच्या मुलांसाठीच १९६३ साली केंद्रीय विद्यालयांची योजना सुरू झाली. पुढे काठमांडू, मॉस्को, तेहरान इथेही ती निघाली. साताऱ्याच्या सैनिक शाळेत प्रवेश मुख्यतः सहावीत नि नववीत, तोही परीक्षा देऊन. तेव्हा जाण्याआधी परतीची वाट पाहून ठेवावी.

आणि मराठीचे काय? ब्रह्मदेशच्या थिबा राजाला १८८६ साली इंग्रजांनी इथे नजरकैदेत आणले. त्याची नात टुटू रत्नागिरीतच मराठी बोलत वाढली. शेजारची भाषा मूल आपसूक उचलते. मायबोली मात्र घरातूनच द्यावी लागते. ती कोणत्याही शाळेच्या फीमध्ये येत नाही.