कुपी पोहोचली, थेंब कोण मोजणार?

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या परिसरांत गियाँ-बारे सिंड्रोमचे, म्हणजे ‘जीबीएस’चे, रुग्ण एकामागून एक आढळू लागले आणि ‘आयव्हीआयजी’ हे एरवी केवळ डॉक्टरांच्या तोंडी असणारे नाव देशभरच्या बातम्यांत पोहोचले. रुग्णसंख्या दोनशेच्या पुढे गेली. एका इंजेक्शनला वीस हजार रुपये पडतात, साठा किती उरला, खर्च कोणती योजना उचलणार, यांवर रकाने भरले. या प्रश्नांत गैर काही नव्हते. मात्र ते औषध शिरेत किती वेगाने सोडले जाते, हे विचारणारी बातमी शोधूनच काढावी लागली असती.

मुळात ‘इंजेक्शन’ हा शब्दच दिशाभूल करतो. हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून वेगळी केलेली ही प्रतिपिंडे तासन्तास सलाईनसारखी सोडावी लागतात. जीबीएससाठी रूढ मात्रा शरीराच्या प्रत्येक किलोमागे एकूण २ ग्रॅम, बहुधा पाच दिवसांत विभागून. साठ किलोच्या रुग्णाला १२० ग्रॅम. ५ टक्के द्रावण असेल तर ५ ग्रॅमच्या २४ कुप्या, जवळजवळ अडीच लिटर. कुपीमागे वीस हजार धरले, तर चार लाख ऐंशी हजार रुपये. एवढे मोलाचे द्रव्य अनेकदा वाहते ते प्लॅस्टिकच्या चाकाने दाबलेल्या साध्या नळीतून.

सुरुवातीचा वेग उत्पादनागणिक बदलतो. पण ५ टक्के द्रावणासाठी मिनिटाला प्रत्येक किलोमागे ०.०१ मिलिलिटर हा नेहमीचा आरंभ. आपल्या साठ किलोच्या रुग्णासाठी तो मिनिटाला ०.६ मिलिलिटर, म्हणजे वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरल्यास बारा थेंब. (हा हिशेब पाण्याचा. प्रथिनांच्या द्रावणाचा पृष्ठताण निराळा असतो, म्हणून थेंबाचे आकारमानही निराळे.) नळीतील प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो, हे पदार्थविज्ञानाचा विद्यार्थी पॉइझलीच्या नियमात शिकतो. त्रिज्या दहा टक्क्यांनी वाढली, की प्रवाह सुमारे सेहेचाळीस टक्क्यांनी वाढतो. चाकाखाली दबलेली नळी हळूहळू आकार बदलते, रुग्ण हात हलवतो, बाटलीतील पातळी उतरते. रात्री दहाला मोजलेले बारा थेंब बाराच्या ठोक्याला बाराच असतील याची हमी कोणी देऊ शकत नाही. त्यात साठ्याच्या ओढाताणीत काल ५ टक्के द्रावण होते आणि आज १० टक्के आले, तर थेंब तेवढेच ठेवूनही शिरेत जाणारी प्रथिने दुप्पट होतात.

वेग चुकल्यास डोकेदुखी, थंडी-ताप, रक्तदाबातील चढउतार संभवतात. हे सौम्य टोक. रक्तात गुठळी होण्याच्या धोक्याबद्दल अमेरिकेच्या एफडीएने २०१३ मध्ये या औषधांवर चौकटीतील इशारा छापणे सक्तीचे केले. साखर मिसळून स्थिर केलेल्या उत्पादनांनी मूत्रपिंडे निकामी झाल्याची नोंद त्याआधीपासून आहे. जीबीएसचा रुग्ण हालचालीविना पडून असतो, म्हणजे गुठळीला अनुकूल. शिवाय त्या आजारात रक्तदाब आपणहून डळमळतो, म्हणून औषधाची प्रतिक्रिया कोणती आणि आजार कोणता, हे ओळखणेही कठीण. म्हणूनच पहिल्या तासात वारंवार नाडी, रक्तदाब, तापमान पाहणे हा उपचाराचाच भाग आहे. निविदेत कुप्या मोजल्या जातात. त्या तासांसाठी लागणारी परिचारिका आणि इन्फ्यूजन पंप कोणत्या रकान्यात मोजतात?

जी चूक इथे थेंबांची, तीच पाठीच्या कण्याशी जोडलेल्या पंपाच्या बाबतीत सुईच्या टोकाची होते. स्नायूंचा तीव्र ताठरपणा कमी करण्यासाठी बॅक्लोफेन हे औषध पोटाच्या त्वचेखाली बसवलेल्या पंपातून थेट मेरुद्रवात सोडतात. तोंडावाटे दिवसाला कित्येक मिलिग्रॅम लागणारे हे औषध तिथे मायक्रोग्रॅममध्ये पुरते. असा पंप बसला, की ‘यशस्वी शस्त्रक्रिया’ची बातमी येते, छायाचित्र येते. तीन-चार महिन्यांनी त्वचेतून सुई घालून टाकी पुन्हा भरायची असते, ते छायाचित्रात मावत नाही. २० मिलिलिटरच्या टाकीत मिलिलिटरला २००० मायक्रोग्रॅमचे द्रावण भरले, तर एकूण ४०,००० मायक्रोग्रॅम. रुग्णाची रोजची मात्रा ३०० असेल, तर सुई टाकीच्या पडद्याऐवजी शेजारच्या पोकळीत रुतल्यास सव्वाशेहून अधिक दिवसांचे औषध एका क्षणात त्वचेखाली मोकळे होते. त्यातून गुंगी, श्वास मंदावणे, बेशुद्धी. उलट टाकी कोरडी पडली, तर तीव्र ताप, भ्रम, पूर्वीपेक्षा भयंकर ताठरपणा आणि प्रसंगी मृत्यू. भरण्यापूर्वी टाकीत उरलेले औषध काढून अपेक्षित आकड्याशी ताडणे हा साधा बेरीज-वजाबाकीचा उपाय बरेच काही सांगून जातो. पण ज्या रुग्णाला भरणीसाठी शेकडो किलोमीटर प्रवास करावा लागतो, त्याची तारीख कोण सांभाळते? एमआरआयच्या चुंबकीय क्षेत्रात काही पंपांची मोटर थांबते. तपासणीनंतर ती पुन्हा चालू झाली का, हे यंत्र लावून पाहावे लागते. जिल्ह्याच्या गावी एमआरआय केंद्रात हा प्रश्न विचारला जातो का?

यावर ठरलेले उत्तर येते: आपल्याकडे एकेका परिचारिकेवर कितीतरी रुग्ण, हे सारे चोचले श्रीमंत देशांचे. हा युक्तिवाद उलटा आहे. जिथे डोळे कमी, तिथेच उपकरणाने चूक अशक्य करायला हवी. व्हिन्क्रिस्टीन हे कर्करोगाचे औषध शिरेऐवजी चुकून मेरुद्रवात दिले गेले, की रुग्ण जवळपास निश्चितच दगावतो. सूचना, लाल चिठ्ठ्या, ताकिदी यांनी हे मृत्यू थांबले नाहीत. २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले, की ते सिरिंजमध्ये भरूच नका, छोट्या पिशवीतून द्या. पन्नास मिलिलिटरची पिशवी पाठीच्या कण्याला चुकून लावायला कोणी धजत नाही. २०१६ मध्ये तर मेरुद्रवाच्या मार्गासाठी शिरेच्या सुईला बसणारच नाही अशा जोडणीचे आयएसओ मानक आले. परिचारिका तीच राहिली, बदलली ती जोडणी. तरीही अपघात घडल्यावर चौकशीचे पहिले वाक्य ‘कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा’ हेच असते, कारण ते सर्वांत स्वस्त असते.

देशात औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारा फार्माकोव्हिजिलन्स कार्यक्रम २०१० पासून आहे. उपकरणांसाठी मटेरिओव्हिजिलन्स २०१५ पासून. नोंद करण्यासाठी रुग्णालयाचीच गरज नाही, रुग्ण किंवा नातेवाईकही ती करू शकतात. पण त्यासाठी कुपीचा बॅच क्रमांक केसपेपरवर असावा लागतो आणि रिकामी कुपी कचऱ्यात जाण्याआधी कोणीतरी तो उतरवून घ्यावा लागतो. पुढच्या साथीत सरकार आयव्हीआयजीची खरेदी जाहीर करील, तेव्हा पत्रकार परिषदेत कुप्यांच्या संख्येनंतर लगेच दुसरा प्रश्न हा विचारता येईल: कोणत्या टक्क्याचे द्रावण, सोबत किती इन्फ्यूजन पंप, आणि रात्रपाळीला त्या खाटांजवळ कोण?