राजनांदगावच्या वाड्याचा धडा

भिलाई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली पेटली, त्याच्या थोडे आधी शेजारच्या राजनांदगावात, राणीसागर व बूढासागर या तलावांच्या सान्निध्यातील संस्थानी राजवाड्यात दिग्विजय महाविद्यालयाचे वर्ग भरू लागले होते. आणि जेथे पूर्वी दरबारी कारभार चाले, त्याच वास्तूच्या एका भागात, चक्राकार जिन्याच्या घरात, तेथील अध्यापक आणि मराठी मातृभाषेचे थोर हिंदी कवी गजानन माधव मुक्तिबोध यांचे वास्तव्य घडले.

पागा असो वा राजवाडा, नवा उपयोग ठरविताना जुन्या भिंती, कमानी व जिने अबाधित राखणे हा माझ्या मते पहिला दंडक होय. तो जिना पाडून तेथे सभागृह उभारले असते, तर मुक्तिबोधांच्या वाचकाला पाहण्यासारखे काय उरले असते? भिलाईतील पहिल्या पिढीच्या इमारती पाडण्याचे फर्मान काढण्यापूर्वी अधिकाऱ्यांनी हा वाडा निवांतपणे पाहावा.