सर्वांत लहान डोकेच उघडे का?

मोटारसायकल कशी चालवावी, कोणते तेल घालावे, कोणती गाडी किती अॅव्हरेज देते, यावर मोठी माणसे तासन् तास बोलतात. पारावर बसून तर फारच बोलतात. पण त्या गाडीवर ज्याला टाकीवर, मांडीवर नाहीतर दोघांच्या मध्ये दाबून बसवतात, त्या मुलाचे म्हणणे काय आहे, हे कोणी विचारत नाही. गुरुजींनी या महिन्याच्या भित्तिपत्रकात 'माझे मत' या सदरासाठी लिहायला सांगितले, तेव्हा मी हा विषय घेतला. मित्रमैत्रिणींनो, तुम्ही तर वाचालच. पण पालकसभेला आलेल्या आईवडिलांनीही जरा उभे राहून वाचावे, ही विनंती. गाड्या बाहेर चिंचेखाली लावलेल्या आहेत, त्या कुठे जात नाहीत.

दिवाळीच्या सुट्टीत मी व आजी मुंबईला साकीनाक्याला काकांकडे गेलो होतो. ज्यांनी साकीनाका पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. अंधेरीहून कुर्ल्याला जाणारा मोठा रस्ता, त्याला पवईकडून येऊन मिळणारा साकीविहार रोड आणि कारखाने-गोदामांनी भरलेला खैरानी रोड, हे सगळे तिथे जवळजवळ एका जागी येतात. वर खांबांवरून मेट्रो जाते. ती ८ जून २०१४ ला सुरू झाली. त्याच्याही वरून विमाने जातात, कारण विमानतळ जवळच आहे. आणि खाली? खाली बस, टेम्पो, रिक्षा, हातगाड्या, आणि या सगळ्यांच्या फटीफटीतून निघणाऱ्या मोटारसायकली. आपल्या आठवडी बाजाराची गर्दी दिवसभर पळत सुटली तर कशी दिसेल, तसे ते दिसते.

मेट्रोच्या जिन्यावर उभे राहिले की खालचा सिग्नल चांगला दिसतो. मी तिथे पुष्कळ वेळा उभी राहिले. जे दिसले ते असे. गाडी चालवणारा बाबा, त्याच्या डोक्यावर हेल्मेट. मागे आई, तिच्याही डोक्यावर हेल्मेट. कारण मुंबईत ९ जून २०२२ पासून वाहतूक पोलिसांनी मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सक्तीचे केले आहे. आणि दोघांच्या मध्ये एक पोरगे. त्याच्या डोक्यावर काय? बहुतेक वेळा काहीच नाही. फार तर लोकरीची टोपी, नाहीतर आईच्या ओढणीचा पदर! गाडीवर तीन डोकी, हेल्मेटे दोन, आणि उघडे राहिलेले डोके सर्वांत लहान. हे उलटे नाही का?

मी काकांना विचारले. माझी चुलत बहीण चिमी साडेतीन वर्षांची आहे, तिलाही ते असेच नेतात. काका म्हणाले, "अगं, पोलीस तिला थोडेच पकडणार आहेत?" काका फार प्रेमळ आहेत, चिमीला साधा खोकला झाला तरी रात्रभर जागतात. तरी त्यांच्या तोंडून हे उत्तर आले. मला वाटते, इथेच खरी गोम आहे. हेल्मेट डोक्यासाठी असते हे आपण विसरलो, ते पोलिसासाठी असते असे धरून चाललो. ज्याची पावती फाटते त्याचे डोके झाकायचे, ज्याची फाटत नाही त्याचे उघडे!

बरे, कायद्यातही मूल वगळलेले नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. तिच्यात चार वर्षांवरील प्रत्येकाला हेल्मेट सांगितले आहे. चालवणारा असो की बसणारा. चारच्या आतल्यांसाठी केंद्र सरकारने १५ फेब्रुवारी २०२२ ला वेगळा नियम काढला व तो एक वर्षाने लागू झाला. नऊ महिन्यांपासून चार वर्षांपर्यंतच्या मुलाला न्यायचे तर त्याच्या मापाचे हेल्मेट हवे, अंगात सुरक्षापट्ट्यांचे जाकीट हवे, आणि गाडीचा वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर नको. नऊ महिन्यांच्या आतले बाळ तर मोटारसायकलवर नेऊच नये, असे माझे मत आहे. ज्याला मान धरता येत नाही त्याला हेल्मेट तरी कुठून घालणार?

४० चाच आकडा का, म्हणून मी गुरुजींना विचारले व आम्ही फळ्यावर गणित केले. ताशी ४० म्हणजे सेकंदाला सुमारे ११ मीटर. त्या वेगाने जाऊन एखाद्या भिंतीला धडकणे म्हणजे सुमारे सव्वासहा मीटर उंचीवरून खाली पडण्यासारखे आहे, म्हणजे दोन मजली इमारतीच्या गच्चीवरून! वेग ६० झाला तर हीच उंची १४ मीटर होते. वेग दीडपट, पण उंची दुपटीहून जास्त. आणि वेग २० असेल तर दीड मीटरच्या आसपास. दोन मजल्यांच्या गच्चीच्या कठड्यावर आपल्या पोराला कोणी बसवील का? पण गाडीवर बसवतात, आणि वर म्हणतात, "धर रे घट्ट."

डोक्याचे आणखी एक कारण आहे. मोठ्या माणसाचे डोके त्याच्या उंचीच्या सुमारे आठव्या भागाइतके असते. नुकत्याच जन्मलेल्या बाळाचे चौथ्या भागाइतके. म्हणजे मूल जितके लहान तितके त्याचे डोके अंगाच्या मानाने जड. म्हणून पडताना डोके आधी जाते. बरोबर घातलेल्या हेल्मेटने मरणाचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी व डोक्याला इजा होण्याचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो, असे निरनिराळ्या देशांतले अभ्यास एकत्र करून निघालेले आहे. आपल्या देशात २०२२ या एका वर्षात हेल्मेट नसलेली ५०,०२९ माणसे दुचाकीवर मेली. त्यांतली १४,३३७ गाडी चालवत नव्हती, नुसती बसलेली होती. हा सरकारी आकडा आहे. मागे बसणाऱ्याला काही होत नाही, असे म्हणणाऱ्यांनी तो वाचावा.

हे फक्त आपल्याकडेच घडते असे नाही. व्हिएतनाम देशात तर घरोघरी मोटारसायकली आहेत. तिथे १५ डिसेंबर २००७ पासून सर्वांना हेल्मेट सक्तीचे झाले, आणि मोठ्यांनी ते घातलेसुद्धा. पण मुलांची डोकी पुष्कळ दिवस उघडीच राहिली. हेल्मेटच्या वजनाने मुलाची मान दुखावेल, अशी आईबापांना भीती होती. भीती मोठ्यांच्या जड हेल्मेटबद्दल असेल तर ती काही अगदीच खोटी नाही. बाबांचे हेल्मेट मुलाला घातले तर ते घागरीसारखे गरगर फिरते, डोळ्यांवर येते. मुलासाठी मुलाच्याच मापाचे, हलके हेल्मेट मिळते. पट्टा हनुवटीखाली लावून डोके हलवून पाहावे, हेल्मेट डोक्याबरोबर हलले पाहिजे. त्यावर आय.एस.आय. खूण पाहावी, १ जून २०२१ पासून त्या खुणेशिवायची दुचाकीची हेल्मेटे विकायलाच बंदी आहे. तरी रस्त्याच्या कडेला विकतात ती गोष्ट वेगळी. पैशाचे म्हणाल, तर मोबाईलला काच आणि कव्हर बसवायला पैसे असतात. नव्या गाडीच्या सीटवरचे प्लॅस्टिक तर सहा-सहा महिने कोणी काढत नाही, ओरखडा पडेल म्हणून!

आता "धर घट्ट" याविषयी. माझे मुख्य म्हणणे हेच आहे की, लहान मुलाला गाडीवर ठेवण्याचे काम त्याच्या मुठीवर सोपवू नये. मूठ केव्हा सुटेल हे मुलालाच माहीत नसते. गार वारा लागला की झोप येते, आणि झोपलेल्याची मूठ आपोआप उघडते. वाटेत माकड दिसले तर दोन्ही हात वर होतात. झाशीच्या राणीचे चित्र आपण सर्वांनी पाहिले आहे. घोड्यावर बसलेली राणी आणि तिच्या पाठीशी बांधलेला मुलगा. तिने त्याला "धर घट्ट" म्हणून मागे बसवलेले नाही, बांधून घेतले आहे. सरकारी नियमातले जाकीट म्हणजे दुसरे काय? मुलाने ते अंगात घालायचे, त्याचे दोन पट्टे चालवणाऱ्याच्या खांद्यांवरून यायचे, म्हणजे मूल त्याच्या अंगाला लागून राहते. ते हलके, पाण्याने खराब न होणारे आणि ३० किलोपर्यंत वजन पेलणारे असावे, असे नियमात लिहिले आहे. काहीजण ओढणीने किंवा उपरण्याने बांधतात. त्यांची काळजी कळते; पण ओढणीची गाठ सरकते, आणि लोंबणारे टोक चाकात जाते. मग बांधलेलेच नडते.

टाकीवर बसवणे मला मुळीच पटत नाही. आमच्याकडे ते लाडाचे समजतात. "पुढं बसव, त्याला गंमत वाटते." गंमत वाटते हे खरे! पण करकचून ब्रेक लागला की पुढे हँडल आणि मागून बाबांचे सगळे वजन, मध्ये पोर. स्कूटरवर पुढे उभे करतात त्याचेही तेच. पूर्वी बजाजच्या स्कूटरवर सगळी घरे अशीच फिरत होती, आणि "आम्ही नाही का वाढलो?" असे बाबा लोक विचारतात. वाढले ते विचारतात. जे वाढले नाहीत ते कसे विचारतील? शिवाय आताच्या स्कूटरला गिअर नसतो. बाबा भाजी घ्यायला उतरले, इंजिन चालू, आणि पुढे उभ्या पोराने मूठ पिळली, की गाडी त्याला घेऊन निघाली. किल्ली आधी बंद करावी, मग खाली उतरावे. एवढ्याने भागते.

मागे बसवायचे तर मुलाचे पाय फूटरेस्टला टेकतात का, ते पाहावे. पाय लोंबकळत असतील तर ते मागे एकटे बसण्याच्या वयाचे नाही, मग ते पहिलीत असो की तिसरीत. दप्तर पाठीवर असेल तर ते मुलाला मागे ओढते; दप्तर काढून पुढे चालवणाऱ्याजवळ द्यावे. चढताना डाव्या बाजूने चढावे, कारण तापलेला सायलेन्सर बहुधा उजवीकडे असतो. आपल्या वर्गात कितीजणांच्या पोटरीवर तो गोल डाग आहे, ते ज्याचे त्याला माहीत!

आणि आई लोकांना एक सांगायचे आहे, रागावू नका. एका बाजूला पाय सोडून बसायचे, एका हाताने मांडीवरचे बाळ धरायचे, दुसऱ्या हाताने पिशवी, आणि पावसाळ्यात वर उघडी छत्री. मग गाडी धरायला हात कोणता? छत्रीत वारा शिरला की ती शिडासारखी मागे ओढते. आपल्या फाट्यावरच्या गतिरोधकावर पांढरे पट्टे कधीच पुसून गेले आहेत. तिथे गाडी उसळते ती चालवणाऱ्याला हँडल धरल्यामुळे कळत नाही, मागच्याला कळते. गाडीला मागच्या माणसाला धरायला कडी, पाय ठेवायला जागा आणि मागचे चाक झाकणारी जाळी असलीच पाहिजे, असा नियम आहे. काही मुले 'स्टाईल' म्हणून ती जाळी काढून टाकतात. पदर कोणाचा अडकणार आहे?

सर्वांत अवघड प्रश्न मी मागे ठेवला आहे, कारण त्याचे उत्तर कोणाला आवडत नाही. कायद्याप्रमाणे मोटारसायकलवर चालवणारा आणि आणखी एक, एवढीच माणसे चालतात. लहान मूल मोजत नाहीत, असे पुष्कळांना वाटते. ते मोजतात. केरळात जून २०२३ मध्ये रस्त्यांवर कॅमेऱ्यांनी दंड सुरू झाला तेव्हा हाच वाद झाला. आईबापांबरोबर बारा वर्षांच्या आतले एक मूल चालू द्या, असे तिथल्या सरकारने मागितले. केंद्राने ते मान्य केले नाही. काका म्हणाले, "मग गरिबाने काय मोटार घ्यायची?" त्यांचा प्रश्न खोटा नाही. गाडी एक आणि घरात माणसे तीन, ही काही हौस नव्हे.

पण मी साकीनाक्याला एक गोष्ट पाहिली. काकूचे माहेर घाटकोपरला. त्या रविवारी काका-काकू-चिमी मोटारसायकलने निघाले आणि मी व आजी मेट्रोने. साकीनाका, मग असल्फा, जागृतीनगर, की आले घाटकोपर. आम्ही पोहोचून पाणी प्यालो तरी ते आले नव्हते, सिग्नलला अडकले होते. चिमी धुराने डोळे चोळत उतरली. आजी लगेच म्हणाली, "येताना पोरगी माझ्याजवळ." काकू आणि चिमी आमच्याबरोबर मेट्रोने परत आल्या, काका एकटे गाडीने. कोणाचे काही बिघडले नाही.

आपल्या गावाला मेट्रो नाही, हे मलाही दिसते! पण एस.टी. आहे. १७ मार्च २०२३ पासून बायकांना एस.टी.त अर्धे तिकीट आहे, पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धे, त्याहून लहान असेल तर काहीच नाही. म्हणजे आई आणि दोन मुले यांचे तिकीट मिळून फार तर दीड मोठ्या माणसाइतके. बाबांनी पिशव्या घेऊन गाडीवर पुढे जावे. अडचण एकच आहे: बाजाराच्या दिवशी जायची एस.टी. साडेआठला येते, परतीची तीनला. आणि मधली, साडेबाराची, बंद झालेली आहे. ती परत सुरू व्हावी म्हणून आगारात अर्ज द्यायचा असे आमच्या वर्गाने ठरवले आहे. अर्ज गुरुजींच्या टेबलावर ठेवला आहे. पालकांनी जाताना त्यावर सही करावी, सोबत पेन बांधून ठेवले आहे.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी