जुना पाया आणि सांडपाण्याचा उतार

आमच्या अकलूजमध्ये जुने घर पाडून त्याच पायावर नवे उभे करणारे बरेच आहेत. पाया शाबूत आहे, तेवढे पैसे वाचले, हा हिशेब मलाही पटतो. पण दगडी पायाने भिंती पेलल्या म्हणून पाण्याची सोय आपोआप होत नाही. भिंतीची पहिली वीट ठेवण्याआधी सांडपाणी कुठून कसे जाणार ते ठरले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

खरी अडचण उंचीची. रस्त्यावर वर्षानुवर्षे थर चढत गेले, गटार वर आले, जोते मात्र आजोबांनी बांधले तिथेच राहिले. संडासाच्या चार इंची पाईपला साधारण चाळीस फुटांना एक फूट उतार लागतो. मागचा संडास पुढच्या चेंबरपासून चाळीस फुटांवर असेल, तर पाईपची सुरुवातच फूटभर वर हवी. त्यावर ट्रॅपची खोली, मग फरशी. एवढी उंची मिळाली नाही की मिस्त्री "होतंय की, सर" म्हणतो आणि पाईप जवळजवळ सपाट टाकतो. पाणी निघून जाते, घाण मागे राहते. मोठ्या पावसात गटार तुंबले की तेच पाणी उलटे न्हाणीत.

उपाय एकच, जोते उचलणे. भरावाला मुरूम घ्या, काळी माती नको. ती भिजली की फुगते, वाळली की आक्रसते. म्हणूनच पाईप पायाच्या भिंतीत सिमेंटने घट्ट चिणू नये. मोठ्या व्यासाच्या पाईपचा तुकडा आधी बसवून त्यातून तो मोकळा न्यावा. जमिनीच्या हालचालीने सांधा निसटला, तर गळती पायाशीच मुरत राहते आणि दोन वर्षांनी भेग भिंतीवर दिसते.

हे सोसते कोण? आमच्या नात्यातल्या एका घरात खाली उतार बसेना, म्हणून संडास-न्हाणी वरच्या मजल्यावर नेली. घरातली खाला सत्तरीच्या पुढची. फजरच्या वजूसाठी ती रोज अंधारात जिना चढते. समोरच्या बाजूला टाइल्स मात्र झकास!

आपल्या घरांत आणखी एक मुद्दा असतो, किब्ल्याचा. इथून किब्ला पश्चिमेला. त्या दिशेला तोंड किंवा पाठ करून बसणे हनफी मतानुसार घराच्या आतही टाळायचे. इतर काही इमामांनी भिंतींच्या आत मुभा दिली आहे. म्हणजे भांडे उत्तर-दक्षिण बसवायचे. हे प्लंबरला पाईप टाकून झाल्यावर सांगितले, तर तो एक जादा वळण घालतो, आणि तुंबण्याची जागा तीच. आधी सांगितले तर एक पैसाही जास्त लागत नाही.

शेजाऱ्याच्या भिंतीलगत चेंबर काढण्यापूर्वी त्याला विचारा. हक्काची गोष्ट आहे, मेहरबानी नव्हे.

आणि पाईप बुजवण्याआधी तोंड बंद करून ते पाण्याने भरा, रात्रभर ठेवा, सकाळी पातळी बघा. मोबाईलवर फोटो काढा, भिंतीपासूनचे अंतर लिहून ठेवा. प्लंबरचा शेवटचा हप्ता त्यानंतर द्या.