पृथक् निरीक्षण, संयुक्त निर्णय

मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली या उपनगरांतील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या असंख्य इमारती आता अशा वयाला पोहोचल्या आहेत की, मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ३५३-ब अन्वये तीस वर्षांवरील इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट करून घेणे त्यांना बंधनकारक झाले आहे. आणि या ऑडिटचे अहवाल लिहिणारे अभियंते हेच आमचे वाचक असल्यामुळे, पावसाळ्याच्या तोंडावर त्यांच्याशी एका मूलभूत प्रश्नाचा विचारविनिमय करणे आम्हांस अगत्याचे वाटते. एकाच इमारतीविषयी दोन अहवाल येतात. एक तिला सी-१ म्हणजे अतिधोकादायक ठरवून रिकामी करावयास सांगतो, दुसरा सी-२बी म्हणजे रहिवासी न हलविता दुरुस्त होण्याजोगी ठरवितो. आणि २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाने घालून दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार असे वादग्रस्त प्रकरण पालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीपुढे जाते. अनेकांचे मत घेऊन सत्याच्या निकट जाण्याची ही तजवीज इष्टच आहे. परंतु ती कोणत्या अटींवर फलद्रूप होते, याचा विचार आपल्या व्यवसायात व्हावा तितका झालेला नाही.

या विषयातील प्रसिद्ध दाखला फ्रान्सिस गॉल्टन यांनी १९०७ साली प्रसिद्ध केला. इंग्लंडातील प्लिमथ येथील पशुप्रदर्शनात एका बैलाचे कत्तलीनंतरचे वजन ओळखण्याची पैज लागली होती. तिच्या ७८७ चिठ्ठ्या तपासल्यावर त्यांचा मध्यक १,२०७ पौंड निघाला आणि प्रत्यक्ष वजन भरले १,१९८ पौंड. हा निष्कर्ष सर्वतोमुखी झाला. पण त्यातील मर्म असे की, प्रत्येकाने पदरचे सहा पेन्स मोजून, दुसऱ्याचा आकडा न पाहता, आपली चिठ्ठी स्वतः लिहिली होती. म्हणूनच कोणाची चूक वर गेली, कोणाची खाली, आणि त्या चुका परस्परांस छेद देऊन गेल्या.

चुका एकाच दिशेच्या असल्या म्हणजे काय होते, हे पाहावयास परदेशी जाण्याचे कारण नाही. आपल्या महसूल खात्यातील आणेवारी ही नजर-अंदाजाने पीक ठरविण्याची पद्धत होती. आणि ज्या आकड्यावर सारा तहकूब होणे अवलंबून, तो कमी लागावा असे साऱ्या गावास वाटणे स्वाभाविकच होते. अशा ठिकाणी दहांऐवजी शंभर जणांस विचारले, तरी अंदाज अचूक होत नाही, तो केवळ अधिक ठाम होतो. सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात शेत आणि त्यातील कापणीचा तुकडा यादृच्छिक रीतीने निवडून पीक कापणी प्रयोगांचा पाया घातला, त्याचे महत्त्व येथे आहे. मोजणाऱ्यांची संख्या वाढविल्याने यादृच्छिक चूक क्षीण होते, सर्वांचा समान कल मात्र तसाच राहतो.

आता आपल्या कामाकडे वळू. दुसऱ्या ऑडिटरच्या हाती बहुधा पहिल्याचा अहवाल आधीच दिलेला असतो. जेथे पहिल्याने प्लास्टर खरवडले तेथेच त्याचाही रिबाउंड हॅमर टेकतो. आणि इमारत पडावी की राहावी याविषयी नेमणूक करणाऱ्या पक्षाची इच्छा पहिल्याच भेटीत त्याच्या कानी येते. रिबाउंड हॅमरवरून काढलेल्या काँक्रीटच्या मजबुतीत अधिक-उणे २५ टक्क्यांचा फरक संभवतो, असे भारतीय मानकच सांगते. एवढा वाव असलेल्या मोजमापाचा अर्थ लावताना मनातील पूर्वग्रह किती सहज शिरकाव करतो, हे अनुभवी वाचकांस सांगणे नलगे. असे दोन अहवाल जुळले, तर ती दोन मते नव्हेत. एकाच मतावर दोन सह्या होत.

याबरोबरच एक मर्यादाही ध्यानी ठेवली पाहिजे. बैलाच्या वजनास सरासरी पुरते; इमारतीच्या सुरक्षिततेस ती पुरत नाही. आय.एस. ४५६ या मानकात किमान तीन कोअरची सरासरी निर्धारित मजबुतीच्या ८५ टक्के भरावी असे म्हटले आहेच, पण कोणताही एक कोअर ७५ टक्क्यांखाली जाता कामा नये, अशी दुसरी अटही आहे. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरची सिद्धी साई इमारत कोसळून १७ जणांचा बळी गेला, आणि तळमजल्यावरील फेरबदल हा त्यानंतरच्या तपासाचा प्रमुख विषय ठरला. वरचे मजले कितीही धड असोत, खालचा एक कॉलम दुबळा झाला की सरासरीचा उपयोग संपतो. असे फेरबदल कोणी केव्हा केले, कोणत्या स्नानगृहाखालची सळई उघडी पडली, हे इमारतीतील रहिवाशांस ठाऊक असते. परंतु सर्वसाधारण सभेत पहिला मोठ्याने बोलणारा सभेचे मत ठरवितो, आणि ज्याने भेग पाहिली तो गप्प बसतो.

यास्तव आमची आग्रहाची विनंती अशी. दुसऱ्या ऑडिटरने आपली निरीक्षणे, चाचणीच्या जागा आणि श्रेणी लिहून, सही करून बंद लिफाफ्यात दिल्याखेरीज पहिला अहवाल उघडू नये. चाचणीच्या जागांपैकी काही यादृच्छिक निवडाव्यात, आणि संशयित कॉलम त्यांखेरीज तपासावेत. रहिवाशांकडून माहिती सभेत न घेता प्रत्येक सदनिकेकडून स्वतंत्र लेखी घ्यावी. समितीपुढे केवळ श्रेणी न मांडता प्रत्येक वाचन मांडावे आणि सर्वांत कमी वाचनाचा खुलासा स्वतंत्रपणे करावा. चर्चा त्यानंतर मनसोक्त व्हावी. मत बदलल्यास त्याचे कारणही दफ्तरी नोंदवावे. या शिस्तीस फारसा खर्च येत नाही. जिच्या छताखाली कुटुंबे निजतात त्या इमारतीविषयी मत देताना, आपले मत प्रथम आपलेच असेल याची काळजी प्रत्येक अभियंत्याने घ्यावी, आणि येत्या मोसमातील पहिल्या ऑडिटपासूनच या शिस्तीचा अवलंब करावा.