रजिस्टराचे पान कोणी फाडले?

मागच्या रविवारी रात्री साडेनऊच्या सुमारास आमच्या दाराची कडी वाजली. दारात मागच्या गल्लीतल्या आक्का आणि त्यांची मुलगी. आक्का चार घरी पोळ्या लाटतात, मुलगी बी.एस्सी. आय.टी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. "दादा, पोरगी दुपारपासून जेवली नाही. तीन दिवसांचं काम कम्प्युटरातून उडालं म्हणते. गुरुवारी कॉलेजात दाखवायचंय." मुलगी काही बोलेना, नुसती ओढणीचे टोक पिळत उभी.

वाचक म्हणतील, हा कारकून माणूस, बी.कॉम. शिकलेला, याला त्यातले काय कळते? शंका रास्त आहे. पण आमच्या अभ्यासिकेच्या पुस्तकांची यादी मुलांनी संगणकावर घेतली आणि ती 'गिट' नावाच्या व्यवस्थेत ठेवली. यादी सांभाळणे आमच्याकडे, म्हणून आम्हालाही ते शिकणे भाग पडले. शिकताना मुले आम्हाला पुष्कळ हसली, ते वेगळे.

ज्या घरांतली मुले संगणकाचे शिक्षण घेत आहेत, त्या घरच्या आईवडिलांसाठी थोडे सांगतो. चारचौघे मिळून एखादा मोठा कागद लिहीत असतील, तर कोणी काय लिहिले, कधी लिहिले, का बदलले याची वही लागते. ती वही म्हणजे गिट. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली लिनक्सच्या कामासाठी ती तयार केली. जगभरचे असंख्य लोक त्या एकाच कामात हात घालत होते, आणि आधी जी व्यवस्था ते वापरत तिची फुकट मिळणारी परवानगी बंद झाली होती. वहीतल्या एका नोंदीला 'कमिट' म्हणतात. तिच्यावर नाव, तारीख, वेळ आणि कारण असते. आणखी एक गोष्ट आम्हाला फार आवडली. आमच्या कचेरीत आवक-जावक रजिस्टर एकच, ते हेडक्लार्कच्या कपाटात, आणि साहेब रजेवर गेले की किल्ली त्यांच्या खिशात. गिटमध्ये तसे नाही. काम करणाऱ्या प्रत्येकाजवळ अख्ख्या वहीची नक्कल असते. सर्वांची मिळून एक सामाईक प्रत सर्व्हरवर असते, तिच्यात आपल्या नोंदी पाठवणे म्हणजे 'पुश' आणि इतरांच्या नोंदी आणणे म्हणजे 'पुल'. हे शब्द इंग्रजीच टाइप करावे लागतात. आम्ही उच्चाराप्रमाणे लिहीत आहोत, मुलांना अक्षरे ठाऊक आहेत.

आता त्या मुलीचे प्रकरण. गटात चौघे. हिच्याकडे लॅपटॉप नाही, त्यामुळे गटातल्या एका मित्राच्या लॅपटॉपवर बसून ही काम करायची. शनिवारी रात्री तिने तीन दिवसांच्या तीन नोंदी सामाईक प्रतीत पाठवल्या. रविवारी सकाळी गटातला दुसरा एक मुलगा आपले काम पाठवायला बसला, तर यंत्र 'रिजेक्टेड' म्हणाले. अर्थ इतकाच होता की, बाबा रे, तू घेऊन गेलास त्यानंतर वहीत नव्या नोंदी पडल्या आहेत, आधी त्या घे, मग तुझ्या दे. म्हणजे आधी पुल, मग पुश. त्या मुलाने ऐकले नाही. कोणीतरी सांगितले म्हणून त्याने पुशच्या मागे 'फोर्स' लावले. फोर्स म्हणजे सामाईक वहीतली पाने फाडून आपली पाने शिवणे. हिच्या तिन्ही नोंदी तिथून गेल्या. दुपारी लॅपटॉपवाल्या मित्राला दोन वह्या जुळेनात, म्हणून त्याने 'रिसेट हार्ड' करून आपली वही सर्व्हरवरच्या वहीबरहुकूम केली. झाले, उरलेली नक्कलही दिसेनाशी झाली. दोघांपैकी कोणाच्याही मनात वाईट नव्हते.

आम्ही त्या मित्राला फोन करून लॅपटॉप घेऊन बोलावले. मुलगा भला, दहा मिनिटांत आला. आमच्या सौभाग्यवतींनी आधी मुलीला भात वाढला आणि मग आम्ही बसलो.

आमचा पहिला नियम, घाबरून आणखी काही दाबायचे नाही. आधी 'गिट स्टेटस' लिहायचे. यंत्र आपण कुठे आहोत ते सांगते आणि पुष्कळदा पुढे काय करावे तेही सांगते, फक्त ते वाचायला हवे. मुले वाचत नाहीत. नंतर 'गिट रिफ्लॉग'. हा शब्द प्रत्येक पालकाने भिंतीवर लिहून ठेवावा असे आम्हाला वाटते. त्या लॅपटॉपवर शाखेचे टोक कधी कुठे होते, त्याचा तो रोजनामा आहे. पान फाटलेले दिसले तरी गिट ते लगेच जाळत नाही. नेहमीच्या व्यवस्थेत अशा अनाथ नोंदींचा माग निदान ३० दिवस राहतो. मात्र हा रोजनामा ज्या त्या यंत्रापुरता असतो, सामाईक प्रतीबरोबर तो येत नाही. म्हणूनच लॅपटॉप समोर हवा होता. यादीत रिसेटच्या खालच्याच ओळीला मुलीची शेवटची नोंद होती. तिने स्वतःच बोट ठेवले, "काका, ही माझी!" आक्का इतका वेळ उंबऱ्यावर बसून होत्या, त्या उठून आत आल्या.

इथे एक सावधगिरी सांगून ठेवतो. परत मिळाले ते नोंद केले होते म्हणून. जे नुसते लिहिले आणि कमिट केले नाही, ते रिसेट हार्डने गेले तर रिफ्लॉग काही करू शकत नाही. दिवसातून तीनचार वेळा नोंद करावी, त्याला पैसे पडत नाहीत.

सापडलेल्या जागेवर लगेच 'गिट ब्रँच' करून एक नाव लावून टाकले, म्हणजे पुन्हा हरवायला नको. तेवढ्यात मुलगी पडद्याकडे बघत हळू आवाजात म्हणाली, "काका, पण नाव त्याचं आहे."

खरेच होते. तिन्ही नोंदींवर लॅपटॉपवाल्या मुलाचे नाव. मागे मागे पाहत गेलो तर दोन महिन्यांतल्या आणखी अकरा नोंदी तिच्या कामाच्या, आणि सगळ्यांवर त्याचेच नाव. यात त्याची लबाडी नव्हती. गिट माणूस ओळखत नाही. यंत्रावर 'कॉन्फिग'मध्ये जे नाव आणि जो ई-मेल भरून ठेवलेला असेल, तेच नोंदीवर उमटवते. लॅपटॉप ज्याचा, नाव त्याचे. कॉलेजात सर नोंदवही उघडून बघणार, आणि तिथे या मुलीच्या नावावर दोन महिन्यांत एक ओळ नाही! मुलगा ओशाळला. "काका, मला कधी लक्षातच आलं नाही. हे तिचंच आहे, मी सरांना सांगतो."

अशा वेळी काय करावे? त्या प्रकल्पापुरते मुलीचे नाव आणि ई-मेल कॉन्फिगमध्ये भरले. 'ग्लोबल' हा शब्द वापरला नाही, नाहीतर मुलाची बाकीची कामे हिच्या नावे पडू लागली असती. नंतर त्या तीन नोंदी 'चेरी-पिक'ने एकेक उचलून चालू वहीवर ठेवल्या. उचललेल्या नोंदीवर जुनेच नाव राहते, म्हणून प्रत्येकीनंतर 'कमिट अमेंड' आणि त्यापुढे 'रिसेट-ऑथर' लिहून नाव तिचे केले. नोंद दुरुस्त केली की तिचा क्रमांक बदलतो, म्हणजे ती नवीच नोंद होते. त्या तीन नोंदी सामाईक प्रतीतून उडाल्या होत्या म्हणून हे कोणाचेही काही न बिघडवता जमले. मागच्या अकरा नोंदी मात्र चौघांच्याही वहीत आहेत. त्यांची नावे बदलायची तर पुन्हा पाने फाडणे आलेच. त्या तशाच ठेवल्या. कोणती नोंद कोणाच्या कामाची, याचा तक्ता 'रीडमी' फाइलमध्ये घातला आणि ती नोंद मुलाने स्वतःच्या नावाने, स्वतःच्या हाताने केली. सरांना द्यायच्या पत्रावर चौघांच्या सह्या सोमवारी झाल्या. पत्राचा मसुदा आम्ही केला, तेवढे आम्हाला येते.

चेरी-पिक करताना एका ठिकाणी 'कॉन्फ्लिक्ट' आला. मुले या शब्दाला उगाच भितात. एकाच ओळीवर दोघांनी वेगवेगळे लिहिले तर गिट निवाडा करत नाही. दोन्ही मजकूर खुणा घालून समोर ठेवते, मध्ये बरोबरच्या चिन्हांची रेघ असते. कोणते ठेवायचे ते माणसाने ठरवायचे, खुणा पुसायच्या, 'ॲड' करायचे, पुढे चालायचे. गोंधळ वाटला तर 'अबॉर्ट' आहेच.

बाकीच्या अडचणी थोडक्यात. चुकीची नोंद सर्वांकडे पोहोचली असेल तर ती काढू नये, 'रिव्हर्ट' करावे. आम्हा कॉमर्सवाल्यांना हे लगेच पटते. खतावणीत खाडाखोड चालत नाही, उलट नोंद करतात. जुन्या नोंदीवर जाऊन 'डिटॅच्ड हेड' असा शेरा आला, तर तिथे काम करण्याआधी नवी शाखा काढावी. कमिट करताना अनोळखी काळा पडदा उघडून बसला आणि काही चालेना, तर तो विम नावाचा संपादक असतो. एस्केप दाबून कोलन, डब्ल्यू, क्यू आणि एंटर. आम्ही एकदा यातून सुटायला संगणकच बंद केला होता. गिटहबवर पुश करताना खात्याचा पासवर्ड चालत नाही म्हणून मुले हैराण होतात. ऑगस्ट २०२१ पासून तो बंदच आहे, टोकन किंवा एसएसएच किल्ली लागते. तिथे १०० एमबीपेक्षा मोठी फाइलही घेत नाहीत, म्हणून व्हिडिओ त्यात घालू नयेत. आणि कोणाचा पासवर्ड चुकून नोंदीत गेला, तर पुढच्या नोंदीत तो खोडून भागत नाही, मागच्या पानावर तो तसाच असतो. आधी तो पासवर्ड बदलावा.

अभ्यासिकेच्या संगणकावर आम्ही आता एक चिठ्ठी चिकटवली आहे. बसताना आधी 'गिट कॉन्फिग युजर डॉट नेम' लिहून नाव कोणाचे येते ते बघायचे. तिथे अजून आमचेच नाव येते, ते काढायला या शनिवारी मुले येणार आहेत.