कापसाचा रस्ता कोणी ठरवायचा?

कापूस विकून घरी आलेल्या शेतकऱ्याला विचारा, भाव काय मिळाला? तो चटकन सांगतो. वाहतुकीला क्विंटलमागे काय गेले, असे विचारले की तो आभाळाकडे बघतो. बियाणे, खत, फवारणी, वेचणी यांचा हिशेब मांडायला आपण शिकलो. उत्पादन खर्च म्हणजे काय, हे चळवळीने घरोघरी पोचवले. पण शेतापासून बाजारापर्यंत जळालेले डिझेल अजून आपल्या वहीत आलेले नाही. ते 'किरकोळ' या सदरात जाते, आणि या किरकोळीतच कोरडवाहू शेतकऱ्याचा उरलासुरला नफा सांडतो.

शहरातल्या मोटारवाल्याची सोय झाली आहे. फोनवरचा गुगलचा नकाशा आता केवळ जवळचा रस्ता दाखवत नाही, कमी तेल जाळणारा रस्ताही दाखवतो आणि त्यावर हिरवे पान काढतो. ही सोय 2021 साली अमेरिकेत सुरू झाली, भारतासाठी ती 2023 च्या डिसेंबरात जाहीर झाली. चढ-उतार किती, गर्दी किती, कुठे थांबावे लागेल, याचा हिशेब करून यंत्र रस्ता सुचवते. चांगली गोष्ट आहे. मोटारसायकलीवर परभणीला दवाखान्यात जाणाऱ्याने किंवा भाड्याची जीप चालवणाऱ्या पोराने तिचा जरूर उपयोग करावा. ज्ञानाला आपला विरोध कधीच नव्हता.

पण भरलेल्या ट्रॉलीचा हिशेब त्या नकाशाला ठाऊक नाही. गाडी पेट्रोलची की डिझेलची, एवढे तो विचारतो. मागे वीस क्विंटल कापूस आहे का, कालच्या पावसाने पाणंद फुगली आहे का, हे तो विचारत नाही. तेव्हा आपला हिशेब आपणच करायचा आहे.

साधे उदाहरण घ्या. एक बाजार 15 किलोमीटरवर, दुसरा 40 वर. ट्रॉलीत 20 क्विंटल कापूस. ट्रॅक्टर लिटरला 5 किलोमीटर जातो असे धरू आणि डिझेल 90 रुपये धरू. ज्याने त्याने आपला आकडा घालावा. लांबच्या बाजाराला जाऊन-येऊन 50 किलोमीटर जास्त, म्हणजे 10 लिटर, म्हणजे 900 रुपये. क्विंटलमागे 45 रुपये झाले. लांबच्या बाजारात भाव 40 रुपयांनी जास्त आहे म्हणून धावत गेलात, तर पाच रुपये पदरचे घालून आलात. ट्रॉली अर्धीच भरली असेल तर हाच खर्च क्विंटलमागे 90 रुपयांवर जातो. उलट भावात दोनशेचा फरक असेल, तर लांबचा रस्ताच स्वस्त. म्हणजे किलोमीटर मोजून भागत नाही, हातात पडलेला क्विंटलचा निव्वळ रुपया मोजावा लागतो.

ज्वारीवाल्याने हे अधिक ध्यानात ठेवावे. 2025-26 च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 8110 रुपये, तर संकरित ज्वारीचा 3699 रुपये जाहीर झाला. तेच 45 रुपये ज्वारीच्या क्विंटलला दुपटीहून जड पडतात.

आता पर्यावरणाचे. एक लिटर डिझेल जळाले की अडीच किलोहून जास्त कर्बवायू हवेत जातो. वरच्या उदाहरणातल्या 10 लिटरांचा तो 27 किलोच्या आसपास होतो. पऱ्हाटी पेटवली की आपल्याला प्रदूषणाची व्याख्याने ऐकवली जातात. त्यांना आपले उत्तर सरळ आहे: शेतकऱ्याचे वाचलेले डिझेल म्हणजेच देशाचा वाचलेला धूर. यासाठी त्याला उपदेश नको, धड रस्ता द्या.

कारण खरे तेल कुठे जळते? शेतीशास्त्रात शिकलेली एक गोष्ट इथे कामाची आहे. सपाट डांबरी रस्त्यावर एक टन ओझे ओढायला साधारण 20 किलो जोर लागतो. ओल्या, भुसभुशीत मातीत तोच जोर 100 ते 200 किलोवर जातो. शिवाय चाक जागेवर फिरते ते वेगळेच. म्हणजे आपल्या काळ्या मातीच्या पाणंदीतला एक किलोमीटर डांबरीवरच्या पाच-दहा किलोमीटरांइतके तेल पितो. जवळा बाजारहून परभणीला किंवा वसमतला जाणारा रस्ता कितीही गुळगुळीत करा, शेतापासून त्या रस्त्यापर्यंतचा पहिला टप्पा चिखलाचा असेल तर बचत तिथेच बुडाली. आणि जिथे ट्रॅक्टरही शिरत नाही, तिथे वेचलेला कापूस आमच्या मायबहिणी डोक्यावरून बांधापर्यंत आणतात. त्या ओझ्याचा हिशेब तर कोणत्याच सरकारी तक्त्यात नाही.

जुन्या कार्यकर्त्यांना आठवत असेल, एके काळी आपला रस्ता कायदाच ठरवीत होता. 1971 च्या कायद्याने महाराष्ट्रात कापसाची एकाधिकार खरेदी आली. कापूस सरकारलाच विकायचा, राज्याबाहेर न्यायचा नाही. नांदेडच्या पलीकडे, तेव्हाच्या आंध्रात, भाव जास्त असला तरी आपल्याच शेतातला कापूस आपण चोरासारखा रात्री न्यायचा. शरद जोशींनी आणि शेतकरी संघटनेने या बंदीविरुद्ध लढा दिला. या शतकाच्या सुरुवातीला एकाधिकार मोडला, नाक्यावरचा पोलीस गेला. पण रस्ता निवडायचे स्वातंत्र्य पुरते हाती आले का? खरेदी केंद्र कुठे उघडायचे हे अजून दुसरेच ठरवतात. पाणंद अडवणारा बांधकरी आणि न फिरकणारा अधिकारी हेच आता आपले नाके झाले आहेत.

सर्वांत महाग रस्ता कोणता, तर माल न विकता परत यायचा. कापूस महामंडळाच्या केंद्रावर 8 टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव, 12 पर्यंत कपात, त्यापुढे नकार. नाकारलेली ट्रॉली भरल्या ओझ्यानिशी घरी येते, पुन्हा जाते. एका विक्रीला दोन खेपांचे तेल. 2025 पासून नोंदणी फोनवर झाली आहे. नंबर लागल्याशिवाय रांगेत जाऊन उभे राहू नका. कापूस उन्हात वाळवून, हातात दाबून पाहून मगच ट्रॉली भरा. रांगेत उभ्या ट्रॅक्टरचे इंजिन बंद ठेवा. टायरमध्ये हवा बरोबर ठेवा. डांबरीवर वेग बेताचा ठेवा. यातल्या एकाही गोष्टीला सरकारची परवानगी लागत नाही.

सरकारकडून जे हवे ते मात्र मागून घेतले पाहिजे, आणि ते भीक म्हणून नव्हे. बांधावरून रस्ता देण्याचा अधिकार तहसीलदाराला जमीन महसूल संहितेच्या कलम 143 ने दिलेला आहे. वहिवाटीचा रस्ता कोणी अडवला तर मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 चे कलम 5 आहे. पाणंद रस्त्यांसाठी रोजगार हमीतून मातोश्री ग्रामसमृद्धी योजना 2021 मध्ये आली. 2025 मध्ये शेतरस्त्याची नोंद सातबाऱ्यावर घेण्याचा निर्णय झाला. कागद पुरेसे आहेत. कमी आहे ती गावाने एकत्र येऊन अर्ज करण्याची आणि अर्जाचा पाठपुरावा करण्याची. शेजाऱ्याशी एका फुटासाठी पिढ्यान् पिढ्या भांडणारे आपणच आहोत, हेही कबूल करू या. त्या एका फुटात जे पिकते, त्यापेक्षा जास्त डिझेल दोघेही दर हंगामात चिखलात ओततात.

म्हणून येत्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने एक वही आणावी. यंदाच्या हंगामात किती खेपा झाल्या, कोणत्या रस्त्याने, किती लिटर गेले, किती क्विंटल पोचला, किती ट्रॉल्या परत आल्या, एवढे पाच आकडे त्यात असावेत. दोन-तीन घरांचा थोडा थोडा माल एका भरल्या ट्रॉलीत जमतो का, हेही पाहून यावे. गावोगावचे आकडे एकत्र झाले की खरेदी केंद्र कुठे हवे आणि आधी कोणती पाणंद हवी, हे आपण पुराव्यानिशी सांगू शकू.

घामाचे दाम आपण मागत आलो. ते दाम हातात पडण्याआधी रस्त्यात सांडू न देणे हाही त्याच लढ्याचा भाग आहे.